पाठीवरचा हात आणि दाबाचा हिशेब

पाठीच्या दुखण्याने बेजार झालेल्या रुग्णास तपासणीच्या मेजावर पालथे निजवून, मध्यरेषेवर हाताला लागणाऱ्या मणक्यांच्या टोकांवर एकामागून एक अंगठे टेकवीत आणि प्रत्येक ठिकाणी थोडा भार देऊन सोडीत खाली सरकत जाणारा परीक्षक, अवघ्या दोन-चार मिनिटांत, अमुक मणका ताठ आहे, तमुक सैल आहे, डाव्या बाजूचा स्नायू आखडला आहे आणि दुखण्याचे मूळ कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांच्या दरम्यान आहे, असे जे एकापाठोपाठ एक निर्णय देत जातो, त्या निर्णयांना आधार काय, हा प्रश्न त्या क्षणी ना रुग्णास पडतो ना परीक्षकास. रोगपरीक्षेत दर्शन आणि प्रश्न यांच्या जोडीने वाग्भटाने स्पर्शनास स्थान दिले त्याला हजाराहून अधिक वर्षे लोटली. तालमीतला वस्ताद आणि गावचा हाडवैद्य हेही आपला सगळा व्यवहार याच भांडवलावर करीत आले. आणि भौतिकोपचार, ऑस्टिओपॅथी व कायरोप्रॅक्टिक या पश्चिमेकडील विद्यांनीही बोटांच्या साक्षीवर असाच निःशंक विश्वास ठेवला. बोटांनी दिलेला दाब नेमका किती, तोच परीक्षक उद्या तितकाच देईल काय, दुसऱ्याच्या हातून तितकाच पडेल काय, आणि पडला तरी त्यावरून काढलेले अनुमान टिकेल काय, या प्रश्नांची पद्धतशीर चौकशी मात्र गेल्या चाळीसएक वर्षांतलीच आहे, आणि तिचा निकाल बोटांच्या बाजूने फारसा लागलेला नाही.

मोजमापाची गरज कोठे पडते ते आधी पाहिले पाहिजे. मणका ताठ आहे असे म्हणणे म्हणजे, इतका भार दिला असता तो अपेक्षेपेक्षा कमी सरकला असे म्हणणे. अर्थात ताठरता हे भार आणि सरकणे यांचे गुणोत्तर आहे, आणि त्यांतील भारच अज्ञात असेल तर गुणोत्तरास काही अर्थ उरत नाही. त्यातून हे गुणोत्तर आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखेही राहत नाही. पहिल्या तीसएक न्यूटनपर्यंत, म्हणजे सुमारे तीन किलो वजनाच्या भाराखाली, त्वचा, चरबी आणि स्नायू दबतात व हात सहज आत जातो. त्यानंतर पृष्ठवंशाचा खरा प्रतिकार जाणवू लागतो आणि आलेख बव्हंशी सरळ रेषेत चढतो. म्हणूनच सिडनीच्या संशोधकांनी यंत्राने ताठरता मोजताना ३० ते १०० न्यूटन या टप्प्यातील चढ हिशेबात धरण्याचा प्रघात पाडला. हलक्या हाताचा परीक्षक तिसाच्या आसपासच थांबत असेल आणि भारी हाताचा दीडशेपर्यंत जात असेल, तर दोघे एकाच पाठीत दोन निरनिराळ्या गोष्टी तपासून परत येतात, आणि दोघांच्या नोंदवहीत शब्द मात्र एकच पडतो.

या शब्दांना आजचे वळण दिले ते ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील भौतिकोपचारतज्ज्ञ जेफ्री मेटलंड यांनी. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘व्हर्टिब्रल मॅनिप्युलेशन’ या त्यांच्या ग्रंथाने रूढ केलेल्या पद्धतीत पाठीवर द्यावयाच्या लयबद्ध दाबाच्या चार प्रती आहेत. प्रतिकार लागण्यापूर्वीची लहान हालचाल ती पहिली, तशीच पण मोठी ती दुसरी, प्रतिकारात शिरणारी मोठी हालचाल ती तिसरी, आणि हालचालीच्या अखेरच्या हद्दीवर दिलेली लहान ती चौथी. मुंबईत पोलिओच्या साथीपाठोपाठ १९५३ साली के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले, आणि पुढे महाराष्ट्रभर निघालेल्या या विद्येच्या महाविद्यालयांतून मेटलंडच्या प्रती आजही विद्यार्थ्यांकडून घोकून घेतल्या जातात. रचना नामी आहे, यात संशय नाही. ती रुग्णाच्या वेदनेस मान देते आणि उतावळ्या हातास लगाम घालते. परंतु तिच्यात आकडा कोठेही नाही. प्रतिकार कोठे लागला हे ठरविण्याचे काम पुन्हा त्याच बोटांकडे सोपविलेले असल्यामुळे, ज्याची तपासणी व्हावयाची तोच तपासनीस, असा प्रकार होतो. कोणत्याही खजिन्याच्या दप्तरात जी क्षणभर चालू दिली जाणार नाही अशी ही तजवीज वैद्यकात मात्र बिनतक्रार चालत आली.

दाब मोजावयाचा कसा, याची दोन उत्तरे निघाली, आणि दोन्हींत काही ना काही गमवावे लागते. पहिल्या मार्गात हात आणि पाठ यांच्यामध्ये पातळ, लवचीक संवेदक ठेवला जातो. कधी तो चटईच्या रूपाने अंथरलेला असतो, कधी हातमोज्यात बसविलेला, कधी अंगठ्याच्या पेरावर चिकटविलेला. हातातून निघालेला दाब जेथल्या तेथे टिपला जातो हा त्याचा गुण. पण बोट आणि त्वचा यांच्यात पडदा आला की स्पर्शाची धार तेवढी बोथट होते, आणि संवेदक वळला वा तापला की आकडा भरकटू लागतो, शिवाय तिरकस लागलेल्या भाराची तो नीट दखल घेत नाही. दुसऱ्या मार्गात भारमापक मेजाखाली बसवितात: रुग्ण स्थिर निजला की यंत्र शून्यावर आणावयाचे, आणि त्यानंतर वाढेल तो भार परीक्षकाच्या हाताचा असे धरून चालावयाचे. येथे हात मोकळा राहतो आणि भार तिन्ही दिशांत विभागून मिळतो. मात्र रुग्ण खोकला, त्याने दीर्घ श्वास घेतला किंवा जरा अंग सावरले, तरी तेही त्याच खाती जमा होते. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाचे ग्रेगरी कावचुक यांच्या गटाने तर माणसाचा हातच वगळला. त्यांच्या यंत्रात ज्ञात वजन घेतलेली चाकांची जोडी पाठीवरून फिरत जाते आणि कोठे किती खोल गेली याची नोंद होते. अशा यंत्रांची पुनःपुन्हा घेतलेली मापे एकमेकांशी चांगली जुळतात. हाताची जुळतात काय, हे पाहण्यासाठीच तर यंत्राची गरज होती.

हाताची मापे जुळत नाहीत. ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसलच्या सुझन स्नॉडग्रास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली तोवरच्या अभ्यासांचा धांडोळा घेतला, तेव्हा एकाच प्रतीचा म्हणून दिलेला दाब निरनिराळ्या उपचारकांच्या हातून इतका निरनिराळा पडतो, की प्रतीच्या नावावरून भाराचा अंदाज करणे व्यर्थ ठरावे, असे चित्र समोर आले. झटक्याने केल्या जाणाऱ्या कायरोप्रॅक्टिक उपचाराचे आकडे त्याआधीच मोजले गेले होते. कॅलगरीचे वॉल्टर हर्झॉग आणि सहकारी यांच्या १९९३ सालच्या मापनात पाठीच्या वरच्या भागावर सरासरी ४०० न्यूटनच्या आसपास, तर मानेवर १०० न्यूटनच्या आसपास भार भरला, आणि हा सगळा व्यवहार सेकंदाच्या लहानशा अंशात उरकला जात होता.

येथे एक जुनी युक्ती सांगण्यासारखी आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने १९९० साली फायब्रोमायाल्जिया या सर्वांगदुखीच्या रोगाचे निकष ठरविले, त्यांत शरीरावरील १८ ठिकाणांपैकी किमान ११ ठिकाणे सुमारे चार किलो भाराखाली दुखली पाहिजेत अशी अट होती. चार किलो भार बोटाने द्यावयाचा तर ओळखावयाचा कसा? तर अंगठा हळूहळू दाबीत जावे, आणि त्याच्या नखाखालचा गुलाबी भाग पांढरा पडला की चार किलो झाले असे समजावे. मोजपट्टी परीक्षकाच्या स्वतःच्या नखातच बसविलेली, इतके सुटसुटीत माप वैद्यकात दुसरे सापडणे कठीण! परंतु नख, पेर, वय, थंडी, सगळेच माणसागणिक वेगळे, त्यामुळे नेमकेपणासाठी टोकास एक चौरस सेंटिमीटरची रबरी टिकली असलेले दाबवेदनामापक वापरात आले. आणि २०१० साली त्याच संस्थेने नवे निकष काढताना ठिकाणे दाबून पाहण्याची अटच काढून टाकली आणि रुग्णाच्या सांगण्यास मुख्य पुराव्याचा दर्जा दिला.

रुग्णाचे सांगणे आणि परीक्षकाचे जाणणे यांतील हा फरक या सगळ्या चौकशीचा गाभा आहे. सिडनीचे क्रिस्टोफर माहेर आणि रॉजर ॲडम्स यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अनुभवी भौतिकोपचारतज्ज्ञांनी कमरदुखीच्या त्याच रुग्णांची स्वतंत्रपणे तपासणी करून, प्रत्येक मणका दाबल्यावर किती दुखतो आणि किती ताठ आहे, हे दोन्ही नोंदविले. पूर्ण सहमतीस १ आणि निव्वळ योगायोगास ० धरले, तर दुखण्याबाबत दोन परीक्षकांची सहमती ०.६७ ते ०.७२ इतकी भरली. ताठरतेबाबत ती ०.०३ ते ०.३७ यांच्यामध्ये रेंगाळली. ०.०३ म्हणजे दोन जाणत्या माणसांनी एकच पाठ तपासून जो निर्णय दिला तो चिठ्ठ्या टाकून दिला असता तरी फारसे बिघडले नसते. दहा वर्षांनी, २००४ साली, मायकेल सेफिंजर आणि सहकाऱ्यांनी जगभरातील अशा अभ्यासांची छाननी केली, तेव्हाही दाबल्यावर दुखते काय या परीक्षा सर्वांत भरवशाच्या, आणि स्नायूंचा पोत वा ताण हाताने ओळखण्याच्या परीक्षा बेभरवशाच्या ठरल्या. आणि एकाच परीक्षकाचे स्वतःशी जितके जुळते तितके दोन परीक्षकांचे परस्परांशी जुळत नाही, हेही दिसले. स्वतःशी जुळण्याने मनुष्याची खात्री पटते, हे खरे. पण खात्री पटणे म्हणजे खातरजमा होणे नव्हे, आणि अनुभवी हातांचा आत्मविश्वास त्यांच्या अचूकतेहून वेगाने का वाढतो याचे कारण मला येथेच दिसते.

दोष परीक्षकांच्या हलगर्जीपणाचा नाही. इंद्रियांच्या घडणीचा आहे. दोन वजनांतील फरक ओळखण्यासाठी तो मूळ वजनाच्या विशिष्ट प्रमाणात असावा लागतो, हे लाइपझिगच्या एर्न्स्ट वेबर यांनी १८३४ सालीच दाखविले होते. वजनाच्या बाबतीत हाताचा हा उंबरठा बराच खाली आहे. ताठरतेच्या बाबतीत मात्र हातास एकाच वेळी भार आणि सरकणे ही दोन्ही ओळखून त्यांचा भागाकार मनातल्या मनात करावा लागतो, आणि लिनेट जोन्स व इअन हंटर यांच्या १९९० सालच्या प्रयोगात तो उंबरठा २३ टक्क्यांवर गेला. काटेकोर बांधलेल्या प्रयोगांत सरावलेल्या हातांनी याहून बारीक भेद ओळखले आहेत. परंतु प्रयोगातील वस्तू निश्चल असते आणि पाठ सजीव असते.

ती सजीव असल्यामुळे काय काय घडते, हे थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे, कारण सामान्य समजूत येथेच सर्वांत अधिक चुकते. समजूत अशी, की तिसऱ्या मणक्यावर दाबले म्हणजे तिसरा मणका हलतो. वस्तुतः दोन टोकांना टेकविलेल्या बांबूच्या मध्यावर भार दिला असता जसा सबंध बांबू वाकतो, तशी एका मणक्यावर दाब पडताच सगळी कंबर वाकते, आणि कॉर्नेलिया कुलिग व क्रिस्टोफर पॉवर्स यांच्या गटाने चुंबकीय चित्रणयंत्रात रुग्णास निजवून हाताने दाब देत घेतलेल्या प्रतिमांत हे प्रत्यक्ष दिसून आले. बोटाला जाणवलेला प्रतिकार म्हणून एका सांध्याचा नसतो. त्यात बरगड्या, पोटातील दाब, ओटीपोटाचे हाड टेकले आहे तेथील गादी, सगळ्यांचा वाटा असतो. मेजावरची गादी जाड असली तर तीही दबते आणि पाठ सैल भासते; रुग्णाने श्वास रोखला किंवा पाठीचे स्नायू किंचित आवळले की तीच पाठ ताठ होते; दाब जरा तिरपा लागला, भराभर दिला वा सावकाश दिला, की आकडा पुन्हा बदलतो. आणि हे सगळे, बोट योग्य मणक्यावर टेकले आहे असे गृहीत धरून! भूलतज्ज्ञांना पाठीत सुई घालताना मणक्याची जागा हातानेच शोधावी लागते, आणि ऑक्सफर्डमधील एका गटाने २००० साली, त्यांनी सांगितलेली जागा चुंबकीय चित्रणाशी ताडून पाहिली, तेव्हा ती अवघ्या २९ टक्के वेळा बरोबर निघाली. चूक झाली तेथे ती एका मणक्यापासून चार मणक्यांपर्यंतची होती. ज्यांच्या हातून जागा चुकल्यास मज्जारज्जूस इजा पोहोचण्याचा संभव, त्यांची ही स्थिती, मग इतरांची काय वर्णावी?

तथापि ताठरता ही निव्वळ कल्पना आहे, असे मात्र नव्हे. जेन लॅटिमर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली कमरदुखीच्या रुग्णांची ताठरता यंत्राने दुखत असताना एकदा आणि दुखणे ओसरल्यावर एकदा मोजली, तेव्हा ती सुमारे ८ टक्क्यांनी उतरलेली आढळली. न दुखणाऱ्यांत असा फरक पडला नाही. म्हणजे वस्तू आहे. पण ती एवढी लहान आहे की यंत्रास दिसावी आणि साध्या अंगठ्यास बहुधा दिसू नये. आणि रुग्ण जेव्हा ‘पाठ अगदी जखडली आहे’ म्हणतो तेव्हा तो ज्या गोष्टीविषयी बोलतो ती याहूनही निराळी निघाली. टाशा स्टँटन, लॉरिमर मोझली आणि सहकारी यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्यांना आपली पाठ ताठ वाटत होती त्यांची पाठ यंत्राने मोजली असता इतरांहून ताठ भरली नाही. पण पाठीवर किती दाब दिला गेला हे विचारले असता ही मंडळी तो आहे त्याहून अधिक सांगत. पुढे त्यांनी दाब देतेवेळी कुरकुरणाऱ्या दाराचा आवाज ऐकविला, तेव्हा तोच दाब रुग्णांना अधिक वाटला. मऊ, सरकत्या आवाजाने वेगळा परिणाम झाला. दाबाचा अंदाज केवळ परीक्षकाचाच चुकतो असे नाही. मेजावर निजलेल्याचाही चुकतो, आणि तो पाठीचे रक्षण करण्याच्या दिशेने चुकतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ‘मणका सरकला’, ‘पाठ जाम झाली’ ही आपल्या बोलण्यातली निदाने एखाद्या उपचारकाने रुग्णास सहज ऐकवावीत आणि रुग्णाने वर्षभर वाकू नये, हा प्रकार ज्यांनी पाहिला आहे त्यांना या प्रयोगाचे मोल वेगळे सांगावयास नको.

मग उपचार करणाऱ्याने ताठ मणका शोधण्यात वेळ का घालवावा? या प्रश्नावर पुरावा दोन्ही बाजूंचा आहे. थायलंड व ऑस्ट्रेलियाच्या संशोधकांनी, आदित चिरदेजनंत यांच्या पुढाकाराने, २००३ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत उपचारकाने तपासून निवडलेली दाबाची रीत आणि चिठ्ठीने निवडलेली रीत यांत रुग्णास मिळणाऱ्या आरामाच्या दृष्टीने फरक आढळला नाही. कमरेच्या खालच्या भागास दाब दिला तर वरच्या भागापेक्षा अधिक बरे वाटते, एवढेच निघाले. उलट अमेरिकेतील ज्युली फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांना २००५ साली असे दिसले, की ज्यांची कंबर हाताने तपासून ताठ ठरविली गेली होती त्यांना हस्तोपचाराचा लाभ अधिक झाला आणि ज्यांची सैल ठरली त्यांना स्नायू बळकट करण्याच्या व्यायामाचा. माझ्या मते या दोन निष्कर्षांत दिसतो तेवढा विरोध नाही. ‘कोणता मणका’ या बारीक प्रश्नास बोट उत्तर देऊ शकत नाही. ‘एकंदर कंबर ताठ की सैल’ या ढोबळ प्रश्नास कदाचित देऊ शकते, आणि उपचाराची दिशा ठरविण्यास बहुधा तेवढे पुरे होते. बारकाईचा जो डौल या विद्येत माजला आहे तो उतरविला, तर विद्येचे नुकसान होण्याचे कारण नाही.

दाबाच्या मोजमापाचा खरा उपयोग निदानात नसून शिक्षणात आहे, असे माझे मत या सगळ्या वाचनानंतर बनले आहे. सिडनीच्या संशोधकांनी १९९० सालीच दाखवून दिले होते, की आपण दिलेला भार विद्यार्थ्यास तत्क्षणी दिसत राहिला तर तो ठरावीक दाब पुष्कळ अचूकपणे देऊ लागतो. आणि जेनिफर कीटिंग व सहकाऱ्यांच्या १९९३ सालच्या अभ्यासात मुकर्रर केलेला दाब बोटांनी देण्याची ही शिकवण अनुभवी उपचारकांच्या हातांसही लागू पडली. सराव सुटला की हात पुन्हा सैलावतो, म्हणून उजळणी लागते. यासाठी परदेशी बनावटीचे मेज किंवा संवेदकांचा हातमोजा आणण्याची गरज नाही. वजन करण्याचा घरगुती सपाट काटा मेजावर ठेवून त्यावर अंगठ्यांनी तीन किलो, पाच किलो, दहा किलो भार देऊन पाहणे, डोळे मिटून देणे, मग काट्याकडे पाहणे, एवढ्याने आरंभ होतो. आणि ज्या विद्यार्थ्याने हे कधी केलेले नाही त्याने आपल्या अंदाजावर आधी पैज लावून मगच काट्याकडे पाहावे. आपल्या महाविद्यालयांतून प्रत्येक प्रात्यक्षिकाच्या खोलीत असा एक काटा असावा, आणि रुग्णाच्या कागदावर ‘ताठरता अधिक’ असे लिहिणाऱ्याने दाब अंदाजे किती, कोणत्या स्थितीत, श्वास सोडल्यावर की रोखून, एवढा तपशील तरी सोबत लिहावा, अशी अध्यापकांस विनंती आहे.

वाचकांपैकी ज्यांच्यावर पालथे निजण्याची पाळी येईल त्यांनाही एक सांगणे आहे. अंग सैल सोडावे, श्वास रोखू नये, आणि दाब पडत असता जेथे दुखेल तेथे लगेच, स्पष्ट शब्दांत सांगावे; डॉक्टर काय म्हणतील या संकोचाने सोसून गप्प बसू नये, कारण त्या सगळ्या तपासणीत सर्वांत भरवशाची म्हणून सिद्ध झालेली माहिती तीच आहे.